शिंगं आतच राहिली

मनोहरराव लांजेवार कुणाच्या घरी गेले की आधी पाणी पितात आणि मग पाण्याचा जग उलटा करून बघतात. जग रिकामा असला तर बरं. नसला तरी ते बघतातच, फक्त मान वाकडी करून खालून बघतात. प्लास्टिकच्या जगाच्या बुडाशी एक बारीक ठिपका असतो. साच्यात वितळलेलं प्लास्टिक तिथून शिरलेलं असतं. तो ठिपका ते अंगठ्याने चाचपतात आणि मग कडेने नख फिरवतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे वस्तूवर एक रेघ उमटते. ती नखाला लागली तर मनोहररावांचं तोंड कडू होतं आणि नाही लागली तर ते घरमालकाकडे आदराने बघतात. त्या जगात घरमालकाचा काही वाटा नसतो, पण आदर मिळतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणतो!

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी बसायला दिलेली खुर्चीच उलटी केली. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुणे ढेकूण शोधताहेत. पुढे लग्न झालं, संसारही नीट चाललाय, पण त्या घरी मनोहरराव गेले की आजही त्यांच्यासाठी सतरंजी अंथरतात.

त्यांचा धंदा साचे करण्याचा. हिंगणा एमआयडीसीत पत्र्याची एक शेड आहे. प्रताप नगरातल्या घरून ते रोज स्कूटरने तिथे जातात आणि दिवसभर पोलाद कोरतात. बादल्या, झाकणं, साबणदाण्या, कूलरच्या पंपाच्या टोप्या असं काय काय त्यांच्या साच्यांतून निघून अख्ख्या विदर्भात पसरलंय. उन्हाळ्यात नागपूरकर कूलरपुढे पाय पसरून झोपतो, तेव्हा आत पंपाची टोपी नीट बसली आहे हे मनोहररावांचं देणं त्याच्या स्वप्नातही येत नाही. मनोहररावांची त्याबद्दल तक्रार नाही. टोपी नीट बसली नसती, तर मात्र ती स्वप्नात आली असती.

साचा म्हणजे पोलादाचे दोन ठोकळे. दोघांच्या पोटात मिळून हव्या त्या वस्तूएवढी पोकळी कोरायची, ठोकळे घट्ट मिटायचे, आत वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचं, थंड होऊ द्यायचं, ठोकळे उघडायचे आणि वस्तू खाली पडते. सांगायला सोपं आहे. फक्त ती शेवटची, खाली पडायची गोष्ट सोडून. वस्तू पडावी म्हणून प्रत्येक भिंतीला डोळ्याला न दिसणारा उतार द्यावा लागतो, आतून आरशासारखं घासावं लागतं, आणि वस्तूचा एखादा कोपरा पोलादामागे वळून दडून बसणार नाही हे बघावं लागतं. मनोहरराव म्हणतात, "भरणं तं कोणीबी भरते. निंगलं पाहिजे."

या निघण्यावरून त्यांच्या शेडीत एक कायदा होता. तो त्यांचा नव्हे, कामठीच्या ज्या उस्तादाकडे ते घासायला शिकले त्याचा. साचा तयार झाला की त्याच्या कडेला करणाऱ्याचं नाव पंचाने ठोकायचं. एकेक अक्षराचा एकेक पंच, वर हातोडीचा एक घाव. पण हे नाव पहिला पीस कुणाचा हात न लागता आपसूक पडला तरच. पहिला पीस अडकला, पितळी सळईने उचकटावा लागला, तर साचा दुरुस्त करून गिऱ्हाइकाला द्यायचा, तो पुढे वर्षानुवर्षं उत्तम चालायचा, पण बिननावाचा. उस्तादाने मनोहररावांचे कितीतरी साचे असे बिननावाचे घालवले होते. ज्या दिवशी पहिल्यांदा नाव ठोकू दिलं त्या दिवशी मनोहरराव सायकलवरून घरी येताना दोनदा पडले आणि दोन्ही वेळा हसत उठले. ती साबणदाणी होती. अजून त्यांच्या मोरीत आहे. साबण दुसरीकडे ठेवतात.

अपेक्षा त्यांची मुलगी. साचे करण्याचा डिप्लोमा करून आली आणि आल्याबरोबर तिने शेडीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला. त्याला जोडलेलं मशीन पोलाद असं कोरायचं की मनोहरराव सुरुवातीला त्याच्यासमोर स्टूल टाकून नुसते बसायचे.

"बाबा, तुमच्याकडं काम नाई का?" अपेक्षा विचारायची.

"हे पाहून राहिलो ना. याले मी थकलो असं सांगता येत नाई, हे बेकार हाय."

दोघांचं जमायचं. ती चित्र काढायची, मशीन कोरायचं आणि शेवटची घासाई मनोहरराव हाताने करायचे. पेनाएवढा ग्राइंडर, कानशी, पॉलिशचा दगड. पण साच्यावरचं नाव मनोहररावांचंच पडायचं, कारण अख्खा साचा असा अपेक्षाने कधी केला नव्हता. तो योग आला उन्हाळ्याच्या शेवटी, गोपिकाबाईंच्या रूपाने.

गोपिकाबाईंचं इतवारीत खेळण्यांचं दुकान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात बैल लाकडाचे असतात आणि त्यांचे मालक गुडघ्याएवढे. चाकं लावलेला, झूल घातलेला, शिंगांना रंग दिलेला लाकडी नंदी दोरीने ओढत पोट्टे घरोघर जातात आणि बोजारा वसूल करतात. बोजारा म्हणजे बैलाच्या नावाने दिलेला खाऊ आणि चिल्लर. दोन्ही बैलाला पोचल्याचं ऐकिवात नाही. गोपिकाबाई हे नंदी वर्षानुवर्षं विकत आल्या होत्या.

"लाकडाचा वजनाले भारी होते," त्या शेडीत खुर्चीवर बसत म्हणाल्या. "दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या पायावर पडते. मंग त्याची माय माह्या दुकानात येऊन भांडते. मले बारक्या पोट्ट्यांसाठी प्लास्टिकचा पाहिजे. पण चमकला पाहिजे. बादलीवानी मरतुकडा नको."

"चमक पाहिजे तं कडक प्लास्टिक वापरावं लागन," अपेक्षा म्हणाली. "चालन ना, बाबा?"

"हाव, हाव," मनोहरराव म्हणाले. गोपिकाबाईंनी येताना सोबत आणलेल्या थर्मासचं झाकण त्या वेळी त्यांच्या हातात होतं आणि ते ते उजेडाकडे धरून बघत होते. या हाव-हावचं पुढे काय होणार होतं हे तेव्हा फक्त थर्मासच्या झाकणाला ठाऊक असावं.

गोपिकाबाई गेल्यावर मनोहररावांनी जाहीर केलं. "हा बैल तुहा. कागदापासून घासाईपर्यंत. मी बोटबी लावत नाई."

"आन् नाव?"

"पयला पीस आपसूक पडला, तं ठोक तुह्यं नाव."

"आन् नाई पडला तं?"

"तं बिननावाचा बैल. काहून, भेव वाटते का?"

"मले नाई वाटत. तुमालेच वाटून राहिलं," अपेक्षा म्हणाली आणि कॉम्प्युटरकडे वळली.

खरंच होतं ते. घरी गेल्यावर मनोहररावांनी ही बातमी बायकोला सांगितली, मग गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितली, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना आधी. दुसऱ्या दिवशी अपेक्षा यायच्या आत त्यांनी पंचांचा डबा काढला, 'अपेक्षा' या नावाला लागणारी इंग्रजी अक्षरं वेगळी केली, तेलाच्या फडक्याने पुसली आणि एका छोट्या डबीत भरून ठेवली. डबीवर काही लिहिलं नाही. पण रोज एकदा उघडून बघायचे.

बोट न लावण्याचा शब्द त्यांनी पाळला. तोंड न लावण्याचा दिला नव्हता.

"हे शिंगं पाय," ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. "बकरीचे होत का?"

"बैलाचे होत."

"बैलाचे असे खिळ्यावानी सरळ राहते का कधी? आमच्या घरी चांद्या होता. कन्हानच्या बाजारातून आणला होता माह्या बापानं. त्याचे शिंगं असे बाहेर जाऊन, असे वर येऊन, टोकाले असे..." त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटं आत वळवली. बाजूच्या शेडीतला रोशन दारातून जात होता, तो थबकून बघू लागला. "...असे वळलेले. बाजारात बैल कोणी दाताकडून पाहे, माहा बाप शिंगाकडून पाहे."

"वळवले तं अडकतीन, बाबा. पोलादाच्या मागं जातीन. हे मले तुमीच शिकवलं."

मनोहररावांनी डोक्यावरचे हात खाली घेतले. स्वतः शिकवलेल्या गोष्टीवर वाद घालता येत नाही, ही शिकवण्याच्या धंद्यातली मोठी अडचण आहे.

श्रावण लागला. साचा कोरून झाला. बैलाचे डावा आणि उजवा असे दोन अर्धे भाग एकाच साच्यात शेजारी शेजारी, मागाहून जोडायचे. पाठीवरची झूल, गळ्यातली घुंगरांची माळ, वशिंड, सगळं पोलादात उलटं कोरलेलं होतं, खोलगट, आणि अपेक्षाने हाताने घासून ते इतकं लखलखीत केलं होतं की मनोहररावांना त्यात आपली मिशी दिसायची. नखाला काही लागत नव्हतं. त्यांनी दोनचारदा फिरवून पाहिलं.

ट्रायलच्या आदल्या दिवशी अपेक्षा आईला घेऊन धंतोलीला गेली. पुष्पलताबाईंचे गुडघे दुखत होते आणि धंतोलीत गुडघ्यांचे डॉक्टर इतके आहेत की एकाला दाखवून घरी येणं नागपुरात कमीपणाचं मानतात. म्हणजे दिवस गेला. शेडीत मनोहरराव, बंद मशीन आणि उघडा साचा.

त्यांनी आधी चहा प्यायला. मग साच्यावर फडकं टाकलं. मग फडकं काढलं. शिंगांच्या दोन खाचा सरळ होत्या, स्वच्छ, आणि मनोहररावांच्या मते साफ बकरीच्या. उद्या पोरीचं नाव ठोकलं जाणार, ते बकरीवर? त्यांनी पेनाएवढा ग्राइंडर उचलला. नुसता हातात धरायला. तो सुरू झाला. मग तो बंद होईपर्यंत काय करायचं, म्हणून त्यांनी उजव्या शिंगाच्या टोकाला किंचित, अगदी किंचित वळण दिलं. मग डावं उजव्यासारखं करणं भाग होतं.

त्यांनी विचार केला नाही असं नाही. आयुष्यभर त्यांनी बादल्या आणि झाकणं केली होती. ते प्लास्टिक मऊ असतं. एवढंसं वळण असलं तरी वस्तू कोमट असताना थोडी वाकते आणि उडी मारून बाहेर येते. झाकणं अशीच तर निघतात. हा हिशोब अगदी बरोबर होता. चूक एवढीच होती की बैल झाकणाच्या प्लास्टिकचा नव्हता. तो कडक, चमकदार, अजिबात न वाकणाऱ्या प्लास्टिकचा होता आणि हे ठरलं तेव्हा मनोहरराव थर्मास बघत होते.

त्यांनी वळण घासून आरशासारखं केलं, फडकं टाकलं आणि संध्याकाळी गुणगुणत घरी गेले. पुष्पलताबाईंनी संशयाने पाहिलं, कारण मनोहरराव गुणगुणत नाहीत.

ट्रायल रोशनच्या मशीनवर. रोशनची शेड बाजूलाच, त्याचं काम साच्यात प्लास्टिक भरून माल काढायचं. गोपिकाबाई नारळ आणि हळद-कुंकू घेऊन आल्या. मशीनला कुंकू लावलं, साच्याला लावलं, रोशनच्या कपाळालाही लावलं, कारण तो मधेच उभा होता. अपेक्षा हाताची घडी घालून एका बाजूला. मनोहररावांच्या खिशात ती डबी.

साचा मिटला. मशीनने घों केलं. मग ठोकळे उघडले आणि आतून पिनांनी ढकलल्याबरोबर बैलाचे दोन्ही अर्धे खाली ट्रेमध्ये पडले. टप, टप. कुणाचाही हात लागला नाही. चमक अशी, की बिस्किटी रंगाचा तो बैल नुकता आंघोळ करून आल्यासारखा दिसत होता. गोपिकाबाईंनी हात जोडले. मनोहररावांचा हात खिशात गेला.

रोशनने दोन्ही अर्धे उचलले, एकमेकांना लावले आणि डोकं खाजवलं.

"ताई, बैल तं आला. शिंगं कुठं हायेत?"

बैलाच्या डोक्यावर, जिथे शिंगं असायला हवी तिथे, दोन वेडीवाकडी भोकं होती. गोपिकाबाईंनी तो हातात घेऊन लांब धरला, मग जवळ आणला. "हे तं गाढव झालं बापा."

अपेक्षाने टॉर्च घेतला आणि साच्यात डोकं घातलं. शिंगं मुळाशी तुटून आतच राहिली होती, टोकाने पोलादाला घट्ट धरून, जणू त्यांना बाहेर यायचंच नव्हतं. तिने टॉर्च थोडा तिरका केला. ते वळण तिच्या कॉम्प्युटरवर नव्हतं. आणि घासाईचा तो हात तिने लहानपणापासून बघितला होता, दगड नेहमी डावीकडून उजवीकडे फिरवणारा.

तिने डोकं बाहेर काढलं. मनोहरराव रोशनच्या पाण्याच्या जगाचं बूड बघत होते.

"बाबा."

"हं."

"तो जग खाली ठेवा."

त्यांनी ठेवला.

"हे वळण कोणं देल्लं?"

"ते... चांद्याचं होय ते."

रोशन तोंड वळवून हसायला लागला. गोपिकाबाईंनी कोण चांद्या म्हणून विचारलं. अपेक्षाने पितळी सळई मागितली, एकेक शिंग उचकटून काढलं आणि बापाच्या तळहातावर ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मनोहररावांना बरं वाटलं असतं. गोपिकाबाईंना ती फक्त म्हणाली, "मावशी, बैल भेटन तुमाले. तान्ह्या पोळ्याच्या आत." स्कूटरवर बापाच्या मागे बसून घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. मनोहररावांनी वाटेत दोनदा खड्डा मुद्दाम घेतला, निदान शिवी तरी येईल म्हणून. आली नाही.

ती कसर पुष्पलताबाईंनी भरून काढली.

"माहे गुडघे दाखवाले आमी तिकडं गेलो, आन् इकडं तुमचे हात वळवळले! पोरीच्या बैलाले हात लावाले कोणं सांगतलं होतं? सारी गल्ली मले विचारून राहिली, अपेक्षाचा बैल कधी येते, अपेक्षाचा बैल कधी येते. आता सांगू का गाढव आलं म्हणून?"

"मले वाटलं, चांगलं दिसन," मनोहरराव म्हणाले. "नाव ठोकायचं होतं ना तिचं."

"आता काय ठोकता?"

जेवायला बसले तरी अडचण तीच होती. पोलादाची गंमत अशी की त्यातून काढता येतं, परत घालता येत नाही. खाच मोठी करून वळण घालवावं, तर शिंगं मुळ्याएवढी जाड होतील. वेल्डिंगने भरावं, तर चकाकत्या बैलावर तिथे कायमचा डाग उमटेल. अपेक्षा ताटात भाकरी कुस्करत होती. खात नव्हती. मनोहररावही खात नव्हते, पण तसं दाखवत नव्हते, म्हणजे त्यांनी सगळं खाल्लं.

बिनशिंगी बैल रबरबँड लावून टेबलावर उभा होता. पुष्पलताबाई मिरच्या निवडत होत्या. त्यांनी बैलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चांगल्या वाकड्या दोन लाल मिरच्या निवडून बैलाच्या भोकांत खोचल्या.

"हे घ्या तुमचा चांद्या."

मिरच्या बाहेर जाऊन, वर येऊन, टोकाला आत वळल्या होत्या. गाढवाचा पुन्हा बैल झाला. नुसता बैल नव्हे, बाजारात मनोहररावांच्या बापाने पायातली चप्पल काढून न्याहाळला असता असा बैल.

अपेक्षाचा भाकरी कुस्करणारा हात थांबला. मनोहररावांचा घासही, पण तो शेवटचा होता. दोघांनी एकाच वेळी बैलाकडे हात नेला आणि हात आपटले.

"अलग करायचे," अपेक्षा म्हणाली. ट्रायलपासून बापाशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. "बैलाच्या साच्यात शिंगाच्या खाचा बुजवून टाकू. पोलादाचा डट्टा बसवू, बैलाच्या डोक्यावर नुसतं गोल भोक राहीन. आन् शिंगांचा लहान साचा वेगळा. खोचायचे शिंगं."

"मऊ प्लास्टिकचे!" मनोहरराव उठूनच उभे राहिले. "झाकणाच्या! कोणाच्या डोळ्यात गेले तरी लागनार नाई. आन् वळण..."

"वळण निंगन त्याच्यात."

"निंगन ना! तेच तं मी म्हणून राहिलो होतो!"

"तुमी काहीच म्हणून नव्हते राहिले. तुमी जग पाहून राहिले होते."

पुष्पलताबाईंनी मिरच्या परत मागितल्या. कुणी दिल्या नाहीत.

मनोहररावांनी तेवढ्यात खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "आन् नाव उद्याच ठोकू."

अपेक्षाने डबी उघडली. आपली अक्षरं पाहिली, तेल लावलेली. क्षणभर तिचा चेहरा सैल झाला. मग तिने झाकण लावलं. "पयला पीस पडला नाई. सळई लागली. नियम तुमचाच होय."

"पडला तं! बैल पडला की नाई? रोशनले विचार. राहिले ते शिंगं. ते माहे होते."

"मंग शिंगांचा साचा तुमी करा. कागदापासून घासाईपर्यंत. मी बोटबी लावत नाई." ती डबी बापाकडे सरकवत म्हणाली, "डट्टा मारला म्हणजे बैलाचीबी ट्रायल पुन्हा नवी. दोन्ही पयले पीस आपसूक पडले तं दोन्ही नावं. बैलावर माह्यं, शिंगावर तुमचं. एक अडकलं तं कोणाचंच नाई."

पुष्पलताबाई म्हणाल्या, अशा अटी त्यांच्या लग्नातही घातल्या नव्हत्या.

पुढचे दिवस शेडीत मोठे मजेचे गेले. मनोहररावांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. जुन्या मिलिंग मशीनवर, चाकं हाताने फिरवत, त्यांनी तळहाताएवढ्या ठोकळ्यात दोन शिंगं कोरायला घेतली. अपेक्षाने डट्टे बसवून बैलाचं काम संपवलं आणि मग ती काहीतरी निमित्ताने सारखी त्यांच्या मागून जायला लागली.

"वळण जास्त तं नाई झालं, बाबा?"

"बोट नाई लावायचं."

"बोट नाई लावलं. तोंड लावलं."

मनोहररावांनी कानशी थांबवली. ही खोड कुणाची आहे ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वळण नखाने तपासलं, थोडं विचारात पडले आणि कानशीचा अर्धा हात कमी मारला. मऊ प्लास्टिक माफ करतं, पण किती, हे त्यांना ठाऊक होतं. आणि या वेळी आपल्या शिंगावर पोरीचं नाव टांगलेलं आहे, हेही.

दुसऱ्या ट्रायलला गोपिकाबाई पुन्हा नारळ घेऊन आल्या. रोशन या वेळी कुंकवाच्या वाटेतून बाजूला उभा राहिला. पुष्पलताबाईही गुडघे विसरून आल्या. त्यांनी टाचणी पडेल एवढाही आवाज करायचा नाही असं ठरवलं होतं आणि आल्यापासून बोलत होत्या.

बैल आधी. साचा मिटला, उघडला, टप, टप. डोक्यावर दोन गोल, सुबक भोकं. अपेक्षाने श्वास सोडला. मनोहररावांनी नाही सोडला.

रोशनने साचा बदलला, प्लास्टिकचा दाणा बदलला, शिंगांचा पहिला शॉट भरला. ठोकळे उघडले. पिनांनी ढकललं. शिंगं हलली, वाकली, आणि तिथेच राहिली. टोकं पोलादात, बुडं बाहेर. सगळे वाकून बघू लागले. पुष्पलताबाईसुद्धा. मग पिना आणखी थोड्या पुढे आल्या, शिंगं धनुष्यासारखी ताणली आणि टिक करून सुटली. एक सरळ ट्रेमध्ये पडलं. दुसरं हवेत उडालं, मशीनवरून गेलं आणि नाहीसं झालं.

"हात नाई लागला!" मनोहरराव दोन्ही हात वर करून ओरडले, पोलिसांनी धरल्यासारखे. "कोणाचा हात नाई लागला!"

"पण गेलं कुठं?" अपेक्षा.

"माह्या पदरात," गोपिकाबाई म्हणाल्या आणि नारळाशेजारून त्यांनी ते शिंग काढून दाखवलं.

थोडा वाद झाला. उस्तादाचा नियम पडण्याचा होता, पदरात पडण्याबद्दल तो काही बोलून गेला नव्हता. शेवटी रोशनने निकाल दिला. "आपसूक निंगलं ना? खालीच पडा असं कोणं लिहून ठेवलं? मावशीच्या पदरात पडलं, म्हणजे तं अजून चांगलं." गोपिकाबाईंनी नारळ फोडून निकालावर शिक्का मारला.

मग मनोहररावांनी डबी उघडली. बैलाच्या साच्याच्या कडेला त्यांनी पहिलं अक्षर टेकवलं, हातोडी उचलली आणि खाली ठेवली. चष्मा पुसला. पुन्हा उचलली. ज्या हाताने त्यांनी केसाच्या जाडीएवढा फरक नखाने ओळखला होता, त्या हाताने ठोकलेली अक्षरं एका ओळीत आली नाहीत. मधलं एक अर्धं बोट खाली घसरलं, शेवटचं वर चढलं. पोलादातून काढता येतं, परत घालता येत नाही. ते तसंच राहिलं.

शिंगांच्या साच्यावर अपेक्षाने बापाचं नाव ठोकलं. तिने आधी पट्टी आवळून बसवली, तिच्या आधाराने एकेक अक्षर लावलं आणि सात घावांत मनोहर तयार झाले, सरळ, एका उंचीचे.

"तुह्यं पाय, अन् माह्यं पाय," मनोहरराव दोन्हीकडे बघत म्हणाले. "माह्यंच वाकडं आलं."

"माह्यं नाव होय ते," अपेक्षा म्हणाली. "मले आवडलं."

ही दोन्ही नावं आता रोशनच्या शेडीत मशीनच्या आत असतात. रोशनशिवाय ती कुणी वाचत नाही, आणि रोशनही साचा चढवताना आणि उतरवतानाच वाचतो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी प्रताप नगरातल्या गल्लीत बैल निघाले. लाकडाचेही होते, पण बारक्यांकडे बिस्किटी रंगाचे, नुकतीच आंघोळ केल्यासारखे. अपेक्षा आणि पुष्पलताबाई फाटकाशी बोजाऱ्याचं ताट घेऊन उभ्या. मनोहरराव नवा सदरा घालून रस्त्यावर उतरले आणि त्यांना एक भयंकर गोष्ट दिसली. शिंगं गोल भोकात खोचलेली असल्यामुळे फिरत होती. आणि पोट्ट्यांनी ती हवी तशी फिरवली होती. एकाने पुढे केली होती, एकाने मागे, एकाने एक पुढे एक मागे. चांद्यासारखी एकाचीही नव्हती.

मनोहरराव गल्लीभर वाकून शिंगं सरळ करत हिंडले. ते पुढे गेले की पोट्टे ती पुन्हा फिरवत. फाटकाशी मायलेकी ताट सांभाळत हसून हसून भिंतीला टेकल्या.

शेवटी शेजारच्या पिंकीचा बैल आला. तिने शिंगं खाली वळवली होती, कानांवरून लोंबणारी. मनोहररावांनी बैल उचलला, सवयीने उलटा केला, पोटाच्या रेघेवरून नख फिरवलं. लागलं नाही. मग त्यांनी शिंगं वर केली.

"आबाजी, हा बैल तुमी बनवला का?" पिंकीने विचारलं.

"बैल आमच्या अपेक्षानं बनवला," मनोहरराव म्हणाले. "शिंगं माहे होत."

पिंकीने शिंगांकडे नीट पाहिलं, मग मनोहररावांच्या डोक्याकडे पाहिलं, काही पटलं नाही असं दिसलं. तिने बैल परत घेतला, शिंगं पुन्हा खाली वळवली आणि बोजारा मागायला फाटकाकडे गेली.